पाडस कुणाचं?

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत हरीण आहे, कपोतही आहे. गाण्याला भुलून हरीण पारध्याच्या हाती लागतं, तर पिलांच्या मायेपायी कपोत जाळ्यात पडतो. मला मायेचा धडा एका पाडसानं दिला.

राधानगरीकडे माझ्या मेहुण्यांची शेती आहे. तिथं बांधाच्या गवतात भेकराचं पिल्लू सापडलं. आई दिसेना. "पोरकं आहे बिचारं," म्हणत मीच ते उचललं. बाटलीनं दूध पाजलं. महिन्याभरात ते माझ्या मागं फिरू लागलं, कुत्र्याशेजारी बिनधास्त झोपू लागलं. आम्हाला कोण कौतुक!

मग वनरक्षक आले. १९७२च्या कायद्यानं असं प्राणी पाळणं गुन्हा, हे त्यांनी सांगितलंच; पण पुढचं वाक्य जास्त लागलं. "काका, ते पोरकं नव्हतं. आई पिल्लाला गवतात दडवून चरायला जाते, पाजायला परत येते. तुम्ही वाचवलं नाही, उचलून आणलासा."

त्या रात्री भरतराजा आठवला. राज्य सोडून गंडकीकाठी तपाला बसलेला. सिंहाच्या गर्जनेनं भ्यालेल्या हरिणीचं पाडस नदीत पडलं, हरिणी मेली. त्यानं पाडस वाचवलं. अंतकाळी ध्यान पाडसाचंच, म्हणून पुढला जन्म हरिणाचा. मग दया करणं चूक का?

मला वाटतं, पाण्यातून काढलं ती दया. 'माझं' म्हटलं तिथं मोह सुरू झाला. भरताचं पाडस खरंच पोरकं होतं. मी तर आईची वाटही पाहिली नाही. बँकेत उभा जन्म गेला, तिथं एक गोष्ट पक्की कळते: ठेव आपल्याकडे असते, आपली नसते. ताळेबंदात ती देण्याच्या बाजूलाच लिहायची. मी ती मालमत्तेत धरली. वर त्या जिवाची खरी पुंजी, म्हणजे त्याची भीती, तीच खर्चून टाकली. कुत्र्याला न भिणारं भेकर जंगलात किती दिवस टिकणार?

पाडस वनखात्याकडे गेलं. जाताना माझ्याकडे वळून पाहत होतं. ती नजर अजून जात नाही.

तेव्हापासून वाडीला पादुकांपुढं मुलं-नातवंडांसाठी मागताना 'माझी' हा शब्द जिभेवर अडतो. हात जोडतो आणि म्हणतो, महाराज, ठेव तुमची. सांभाळायची बुद्धी तेवढी द्या, आणि परत द्यायचीही.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!