घायपाताचा गड्डा

आमच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. बांधावरचं घायपात मात्र काटा टोचला की कळतं. लहानपणी माझ्या लेखी त्याचा अर्थ एकच होता, वाख. पानं पाण्यात कुजवायची, ठेचायची, धुऊन वाळवायची आणि त्या धाग्यांचा दोर वळायचा. गावगाड्यात हे काम मातंग समाजाचं. बैलाचा कासरा, गाईचं दावं, मोटेचा नाडा, सारं त्यांच्या तळहातांतून यायचं.

गेल्या हिवाळ्यात भाच्यानं मला पणजीतल्या एका छोट्या बारमध्ये नेलं. पाच-सहा खुर्च्या आणि फळीवर फक्त घायपाताच्या कुळातली मद्यं. मेझकाल या मेक्सिकन मद्याच्या पेल्यातून धुराचा वास आला. मातीत खणलेल्या भट्टीत गड्डा भाजतात, त्याचा तो धूर. बारवाला आपुलकीनं सांगत होता. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. त्या फुलोऱ्यासाठी ते वर्षानुवर्षं साखर साठवतं. दांडा वर येऊ लागला की तो छाटतात, म्हणजे साखर गड्ड्यातच राहते. मग पानं तोडून टाकतात.

तिथं मी थबकलो. मद्य करणारे जी टाकतात, ती पानं म्हणजेच आमचं अख्खं घायपात.

घायपाताच्याच गड्ड्यापासून होणाऱ्या मद्याचं ‘टकिला’ हे नाव मेक्सिकोनं १९७४ साली कायद्यानं राखून ठेवलं. डेस्मंड नाझरेथ यांनी दख्खनच्या घायपातापासून काढलेलं मद्य २०११ साली गोव्यात आलं, पण त्याला टकिला म्हणता येत नाही. गोव्यानंही परदेशातून आलेल्या काजूची फेणी आपली केली आणि २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळवून दिलं. नाव राखणं म्हणजे त्यामागचं कसब आणि ते जपणारी माणसं यांचं मोल मान्य करणं.

आपण काय केलं? ज्यांच्या दोरानं सारं शिवार बांधलेलं होतं, त्यांनाच वेशीबाहेर ठेवलं. नायलॉन आला, वाख मागं पडला. वाखाचा पोत ओळखणारी बोटं कुठं गेली, हे कुणी विचारलं नाही.

तो पेला मी सावकाश संपवला. त्यातली गोडी न उमललेल्या फुलोऱ्याची होती. एकलहऱ्याच्या बांधावरचा फुलोरा कुणी छाटत नाही, तो उंच वाढतो आणि वाळतो. न उमलताच राहिली ती माणसं. त्यांचं कसब गावानं घेतलं आणि मान दिला नाही.