ऐकणाराचें कर्तव्य

‘झालें गेलें गंगेला मिळालें’ असें म्हणून दुसऱ्याचें दुःख आटोपतें घेण्याची आपणांस मोठी हौस आहे. गंगा मात्र सर्वांच्याच घरावरून वाहत नाहीं. लहानपणीं घरांतल्याच माणसाकडून झालेला अत्याचार मनांत दडवून वीस वीस, तीस तीस वर्षें संसार केलेल्या स्त्रिया आज मानसोपचाराकडे वळतात, तेव्हां ‘एवढ्या काळानंतर हें उकरून काढण्यांत अर्थ काय?’ असा प्रश्न सुशिक्षितांकडूनच ऐकूं येतो. प्रश्न वैद्यकाचा दिसतो. माझ्या मतें तो नीतीचा आहे, आणि बोलणारीपेक्षां ऐकणाराला तो अधिक लागू आहे.

या शास्त्राचा इतिहासच याला साक्ष आहे. १८८० ते १८८२ या काळांत व्हिएन्ना येथें जोसेफ ब्रॉयर या वैद्यानें बर्था पापेनहाइम या तरुणीवर उपचार केले. आजारी वडिलांची शुश्रूषा करतां करतां ती स्वतः आजारी पडली होती. बोलल्यानें आपलीं लक्षणें हलकीं होतात हें तिच्याच ध्यानांत आलें, आणि ‘बोलण्याचा उपचार’ हें नांवही तिनेंच दिलें. (ती त्यानें पुरती बरी झाली नाहीं, पुढेंही तिला आरोग्यधामांत राहावें लागलें.) १८९६ च्या एप्रिलमध्यें सिग्मंड फ्रॉइड यानें त्याच नगरांतील वैद्यांच्या सभेपुढें, अठरा रुग्णांच्या आधारें, हिस्टेरियाचें मूळ बालपणींच्या लैंगिक अत्याचारांत आहे असें मांडलें. दीड वर्ष झालें नाहीं तोंच, १८९७ च्या सप्टेंबरांत, एका मित्राला लिहिलेल्या पत्रांत या मतावरचा आपला विश्वास उडाल्याचें त्यानें कळविलें. कारणें अनेक दिलीं. त्यांतलें एक असें कीं, हें खरें मानावयाचें तर फार बापांना दोषी धरावें लागेल. त्याचें पहिलें मत सरसकट खरें होतें असें मी म्हणत नाहीं. परंतु इतके बाप दोषी असणें अशक्य, हा निष्कर्ष पुराव्यावरून निघाला कीं सोयीवरून, हें मला अजून उलगडलेलें नाहीं.

बोलल्यानें दुःख हलकें होतें, म्हणून बोलतें करावेंच, हा दुसरा अतिरेक. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनीं १९९२ सालच्या ग्रंथांत उपचाराच्या तीन अवस्था सांगितल्या. त्यांत स्मरण आणि शोक यांचा क्रम दुसरा आहे. पहिली अवस्था सुरक्षिततेची. रात्रीं झोंप लागावी, घरांत भीति नसावी, केव्हां बोलावें आणि कोठें थांबावें हें तिचें तिनेंच ठरवावें. जिची इच्छा एकदां मोडली गेली, तिला उपचाराच्या नांवानें पुन्हा सक्तीनें बोलावयास लावणें हें मूळ अपराधाच्या जवळपास जातें.

आमच्या बायका जात्यापाशीं दुःख सांगत. जातें मध्येंच प्रश्न विचारीत नाहीं, ‘तूंच कांहीं केलें असशील’ असें म्हणत नाहीं, हा त्याचा गुण. पण ‘हें घडलें, आणि तें वाईट घडलें’ असेंही तें म्हणूं शकत नाहीं. हर्मनबाईंनीं २०२३ सालच्या आपल्या पुस्तकासाठीं पीडितांनाच न्याय म्हणजे काय असें विचारलें, तेव्हां पुष्कळांनीं अपराध्याच्या शिक्षेहून आपल्या माणसांनीं तें मान्य करण्यालाच अधिक महत्त्व दिलें.

हें सर्व मला केवळ ग्रंथांवरून कळलें असें म्हणतां आलें असतें तर बरें झालें असतें. माझी एक आतेबहीण एकदां भाजी निवडतां निवडतां एका नातलगाविषयीं बोलूं लागली. मीं विचारलें, ‘इतकीं वर्षें कां बोलली नाहींस?’ प्रश्न प्राध्यापकाला शोभणारा होता. ती म्हणाली, ‘दादा, चहा टाकूं का?’ आणि उठली.

याला आठ वर्षें झालीं. गेल्या दिवाळींत मीं तिला सांगितलें कीं, त्या दिवशीं मीं भलताच प्रश्न विचारला. ती बराच वेळ हातांतली पणती पुसत राहिली. मग म्हणाली, ‘तुझ्या लक्षांत आहे होय!’ पुढें ती कांहीं बोलली नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं.