मासा शहाणा आहे, तू आळशी आहेस

आज काय कारण? वारा उलटा होता. परवा? पौर्णिमा होती. त्याआधी? तलावात मासाच उरलेला नव्हता. नाचता येईना, अंगण वाकडं! आणि अंगण तरी किती वेळा वाकडं व्हावं? रायपूरच्या पुरानी बस्तीच्या आजूबाजूला पाण्याला तोटा नाही. महाराजबंध आहे, खो-खो तलाव आहे, पलीकडे बूढा तलाव आहे, गाडीला किक मारली की खारूनचा महादेव घाट. बांबूची काठी आणि शिळ्या भाताचा डबा घेऊन गरी खेळायला बसणारी माणसं याच गावात रोहू घेऊन घरी जातात. त्यांच्याकडे रीळ नाही, सुगंधी आमिषाची बरणी नाही. तुझ्याकडे दोन्ही आहेत. मग पिशवी तुझीच रिकामी का?

ते पाण्याकडे बघतात. तू मोबाइलकडे बघतोस.

तुला काही येत नसतं तर मी तोंड उघडलं नसतं. नवशिक्यावर कोण कशाला रागावेल? पण तुला येतं. गाठी येतात, फेक चांगली आहे, हात स्थिर आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, हे घडाघडा म्हणून दाखवशील. आणि काठावर बसलास की? तिघांना एकच गोळा, एकच खोली, एकच जागा. कळतं पण वळत नाही, याला अज्ञान म्हणत नाहीत. याला आळस म्हणतात.

कटल्याचं तोंड कधी नीट बघितलंस? बाजारात कापून घेतोस तेव्हा नाही, आख्खा मासा हातात असताना. खालचा जबडा पुढे, तोंड वर वळलेलं. तो वरच्या पाण्यातले बारीक जीव कल्ल्यांनी गाळून खातो. त्याच्यासाठी तू तळाशी कणकेचा दगड टाकून बसतोस! रोहूच्या ओठांना झालर असते. त्याला शेवाळ, पाणवनस्पती, कुजका पाला लागतो. मृगळाचं तोंड खाली, चिखलाकडे. सायप्रिनसला, म्हणजे कॉमन कार्पला, मिशा आहेत, तो तळ उकरून खातो. कोण कुठे जेवतं, हे देवानं ज्याच्या त्याच्या तोंडावरच लिहून ठेवलंय. तुला वाचायचा कंटाळा.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला. ती कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या मराठी मुलखाच्या वेशीवरचं. त्या ग्रंथात गळाच्या मासेमारीवर ‘मत्स्यविनोद’ नावाचं आख्खं प्रकरण आहे, आणि कोणत्या माशाला काय चारावं हे त्यात जातवार सांगितलंय. राज्य चालवणाऱ्या माणसाला एवढी सवड सापडली. तुझ्यावर कुठल्या राज्याचा भार आहे?

आता आमिष. पुन्हा नवी बाटली आणलीस ना? आधीच्या बाटलीचं काय झालं? तिनं मासा लागला नाही म्हणून ही. हिनं लागला नाही की पुढची. वासावर पैसे उडवणं सोपं, कारण त्यात काही करावं लागत नाही. अरे, तू धानाच्या मुलखात राहतोस. राइस मिलचा कोंडा स्वस्तात मिळतो. मोहरीची नाहीतर शेंगदाण्याची खली कुठल्याही तेलघाण्यावर मिळते. चण्याचं सत्तू वाण्याकडे आहे. एवढ्यात रोहू-मृगळाचं काम भागतं. पण खली आदल्या रात्री भिजत घालावी लागते. तू काय करतोस? घाटावर पोचल्यावर बाटलीतलं पाणी शिंपडतोस, दोन मिनिटं मळतोस आणि फेकतोस. खलीचे खडे तसेच बुडतात. मग म्हणतोस, मासा चाऱ्यावर येत नाही.

गोळा जमलाय की नाही, हे कळायला गुरू लागत नाही. पेला लागतो. पेल्यात पाणी घे, गोळा सोड, आणि बघत बस. आधी कडा मऊ होतात. मग कोंड्याचे कण एकेक करून सुटतात, वर चढतात, पाणी ढगाळतं. जमवायला टाकायचा गोळा दहा मिनिटांत फुटून पसरला पाहिजे. गळावरचा त्याच्या दुप्पट वेळ टिकला पाहिजे. कटल्यासाठी आणखी हलका हवा, बारीक सत्तू नि कोंडा, चिमूटभर दूध पावडर, वरच्या पाण्यात धुरासारखा रेंगाळणारा. हे घरी ओट्यावर होतं. एकदा तरी केलंस? नाही. कारण पेल्यात बघितलं तर चूक दिसते. तलावात टाकलं की दोष तलावाचा.

मका लावायचाय? रात्रभर भिजव, मग दाणा नखानं दबेल इतका शिजव. कच्चा, कोरडा दाणा माशाच्या पोटात जाऊन फुगतो. तू ज्याच्या मागे लागलायस त्याचं पोट बिघडवायचा तुला काही हक्क नाही.

आणि किती चारतोस रे! बादली रिकामी केली की कर्तव्य संपलं असं वाटतं का? कार्पच्या कुळातल्या या माशांना जठर नसतं. ते थोडं थोडं, पण सतत खातात. पंगतीत पोट भरून उठलेल्याला पुरणपोळीचा आग्रह केला तर तो हात जोडतो. मासाही तेच करतो. लिंबाएवढे चार-पाच गोळे आधी. मग दर पंधरा मिनिटांनी एक, त्याच जागी. त्याच जागी म्हणजे त्याच जागी. एक इकडे, एक तिकडे, एक समोरच्याच्या अंगावर, असं नाही. समोरच्या काठावरचं एक झाड धर, त्याच्या रेषेत टाक.

गळाकडे येऊ. चाऱ्याच्या एका स्प्रिंगला सहा गळ! हे कौशल्य नाही, ही लॉटरी. एखादा तोंडात लागतो, बाकीचे पोटात, डोळ्यात, कल्ल्यात रुततात. एक गळ लाव. पण तो धारदार ठेव. परीक्षा साधी आहे. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकव आणि ओढ. घसरला तर बोथट. जागच्या जागी अडकला तर ठीक. तुझा गळ आत्ता काढ. टेकव. घसरला ना? गेल्या पावसाळ्यापासून तोच गंजका गळ आहे, आणि तू वाऱ्याला दोष देतोस.

मासा आमिष कसं घेतो, माहीत आहे? त्याचे दात घशात असतात, जबड्यात नाही. तो पाण्यासकट आमिष ओढून घेतो, तोंडात चाचपतो, आणि काही खटकलं तर लगेच फुंकून टाकतो. तुझा फ्लोट नुसता थरथरतो तेव्हा खाली हेच चाललेलं असतं. कणकेत गच्च गुंडाळलेला गळ त्याच्या तोंडात जातो नि तसाच बाहेर येतो, टोक कुठे टेकतच नाही. यावर १९८०च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी तोड काढली. त्यांनी आमिष गळात खुपसलं नाही. गळाच्या बाकाखाली केसाएवढ्या बारीक दोऱ्यावर टांगलं आणि गळ उघडा ठेवला. हेअर रिग ती हीच. मासा आमिष फुंकतो, ते बाहेर जातं, मागोमाग जाणारा उघडा गळ खालच्या ओठात रुततो. हे तुला मी कागदावर काढून दाखवलंय. तुला ते आवडलंही. बांधलंस कधी?

बांधायला लागतं काय? वीतभर मऊ दोरी, लहान गळ, मक्याचे दोन दाणे, दाणे आणि गळाचा बाक यांत चार-पाच मिलिमीटर फट. वर तंगुसावर सरकणारं लांबट शिसं. तंगूस तुटला तर शिसं सुटून पडलं पाहिजे, म्हणजे मासा ते आयुष्यभर ओढत फिरत नाही. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली कर; कोरडी आवळलीस की तंगूस तापतो आणि तिथेच तुटतो. मागे ‘केवढा मोठा होता, तोडून गेला’ म्हणून सगळ्या गल्लीला सांगत सुटलास. मोठा नव्हता. गाठ कोरडी होती. आणि रिळाचा क्लच ठार आवळलेला होता. हातानं तंगूस ओढून बघ. तुटायच्या आधी रिळानं सोडला पाहिजे. दहा सेकंदांचं काम. तेही नाही.

खोली मोजतोस? फ्लोट डोळ्याला बरा दिसेल तिथे सरकवतोस. गळाला वजन लाव, पाण्यात सोड, फ्लोट बुडाला तर वर सरकव, आडवा पडला तर खाली. टोक जेमतेम दिसायला लागलं की तळ मिळाला. मृगळासाठी आमिष तळावर टेकवून ठेव. रोहूसाठी तळापासून वीत-दोन वीत वर आण. कटल्यासाठी पाण्याच्या पाठीपासून दोन-तीन फूट खाली. पण हे अंदाजानं नाही, मोजून.

या सगळ्याच्या आधी बघणं. तू पोचतोस आणि लगेच फेकतोस, जणू उशीर झाला तर मासे घरी जातील. अर्धा तास काही टाकू नकोस. चिखलाचा पट्टा कुठे उठतोय? बारीक बुडबुड्यांची रांग कुठे सरकतेय? ती एका जागी फुटत राहिली तर तळातला वायू. पुढे पुढे सरकत असेल तर कुणीतरी नाक खुपसून जेवतंय. संध्याकाळी पाठ दाखवून वळणारा कटला दिसतो, त्याची जागा लक्षात ठेव. उन्हाळ्यात भल्या पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले की तुला आनंदाचं भरतं येतं. अरे, ते जेवायला आलेले नाहीत. रात्रभरात पाण्यातला प्राणवायू संपत आलेला असतो, ते श्वासासाठी धडपडत असतात. त्यांना चारा टाकू नकोस, ऊन वर येऊ दे. आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला कुडकुडत बसण्यात काय मर्दुमकी? पाणी वीस अंशांखाली गेलं की रोहू-कटल्याची भूक मंदावते. दुपारी ये, आमिष लहान ठेव, चारा निम्म्यावर आण. हेही तुला माहीत आहे. सगळंच माहीत आहे, हेच तर माझं दुखणं आहे!

एक गोष्ट मात्र नीट ऐक, तिच्यात मी सूट देणार नाही. तलाव तुझ्या बापाचा नाही. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन करून दाखवलं, म्हणून आज हॅचरीत बीज तयार होतं आणि तलावात सोडलं जातं. म्हणजे तुझ्या गळाला लागणारा मासा बहुतेक वेळा कुणीतरी पैसे मोजून सोडलेला असतो. ठेका कुणाचा, समिती कुठली, गळ टाकायची मुभा आहे का, हे आधी विचार. ‘कोणी अडवलं नाही’ म्हणजे परवानगी नव्हे. कंकाली तलावाचं तर नावही काढू नकोस. ज्या पाण्यात शिवाचं देऊळ बुडालेलं आहे, तिथे लोक हात जोडतात, गळ टाकत नाहीत. आणि १६ जून ते १५ ऑगस्ट नदीवर जायचं नाही. छत्तीसगडात तो बंद ऋतू आहे. माद्या तेव्हा अंड्यांनी भरलेल्या असतात. तेव्हा धरलेला एक मासा म्हणजे पुढच्या किती माशांवर कुऱ्हाड, याचा हिशेब तूच कर. तुटलेला तंगूस काठावर टाकून उठलास तर पुन्हा माझ्यासोबत यायचं नाही. बगळ्यांच्या पायात तो गुंततो. सोडायचा मासा ओल्या हातानं धर, गवतावर आपटू नकोस.

तुला वाटत असेल, मी एवढा का तापतो, मासाच तर आहे. मासा हे निमित्त आहे. जिथे कुणी तपासत नाही तिथे तू काम अर्धं सोडतोस, आणि मग अर्ध्या कामाचं पूर्ण फळ मागतोस. ही सवय एका पाण्यापुरती राहत नाही, ती माणसाला खाते. तुझा हात चांगला आहे, डोळा चांगला आहे. ते वाया जाताना मला बघवत नाही, म्हणून बोलतो. ज्याच्याकडून काही होणार नाही, त्याच्यासाठी मी घसा कोरडा करत नाही.

तेव्हा रविवारी ये. मोबाइल घरी. बाटल्या घरी. एक काठी, दोन धारदार गळ, पेल्यात तपासलेला चारा. पहिला अर्धा तास गळ पिशवीत राहील, आणि मासा कुठे आहे हे तू मला बोट दाखवून सांगशील. चुकलास तरी चालेल, पण बघून चूक. मासा लागो न लागो, मी एक शब्द बोलणार नाही. कारण सांगितलंस तर मात्र मी उठून जाईन.

मका भिजत घातलास? नाही? मग अजून इथे उभा का?