पद कोणाला लागते?

आवडीचे पद आयुष्याला वळण लावते, हे आम्ही कीर्तनात नेहमी सांगतो. वाचकहो, पण कोणाच्या आयुष्याला? १९४२ साली चिमूरला तुकडोजी महाराजांची भजने लोकांच्या अंगात उतरली. १६ ऑगस्टला गाव उठला, गोळीबार झाला, अधिकारीही मारले गेले. महाराजांना नागपूर-रायपूरचा तुरुंग घडला. गाणारा त्यातून सुटत नाही.

गेल्या साली चामोर्शीकडे क्षमेचा अभंग आम्ही चांगला रंगवला. सकाळी एक कास्तकार आला. "महाराज, भावासंग धुऱ्याचा वाद होता जी, रातीच सोडला." आम्ही मान डोलावली खरी. आमची भावबंदकी मात्र पंचवीस वर्षे कोर्टात! कौमुदी पाठ, गाथाही पाठ. तो पाया पडू लागला, तेव्हा आम्ही पाय मागे घेतले.