शंकासमाधान : रडण्याने विश्वास उणा होतो का?

शंका : माझा एकुलता एक मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. वय तेवीस. दफनाच्या वेळी मी कबरीशी हंबरडा फोडला, तेव्हा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, "अगं, आपण विश्वासातली माणसं. अशी रडलीस तर बाहेरच्यांना काय साक्ष मिळणार?" तेव्हापासून मी चारचौघांत रडत नाही. पण आता उपासनेत गीतही तोंडातून निघत नाही आणि घरी प्रार्थनेला बसले की शब्द सुचत नाहीत. देवाचा रागही येतो. माझा विश्वास संपला का?
– एक भगिनी, नगर जिल्हा

समाधान : ताई, आधी त्या साक्षीचे बोलू, कारण तो शब्द तुमच्या उरावर धोंड्यासारखा बसला आहे. बेथानीत लाजराला मरून चार दिवस झाले होते. त्याला आपण उठवणार हे प्रभूला ठाऊक होते. निघण्यापूर्वीच शिष्यांना त्याने ते सुचवले होते. तरी लाजराची बहीण मरीया हिला रडताना पाहून तो रडला. घटकाभरात सगळे नीट होणार आहे, मग आता अश्रू कशाला, असा हिशेब त्याने मांडला नाही. आणि भोवतीच्या लोकांनी त्या अश्रूंतून काय घेतले? याचे लाजरावर किती प्रेम होते, असे ते बोलले. योहानाच्या ११व्या अध्यायात हे नोंदलेले आहे. तुम्ही कबरीशी फोडलेल्या हंबरड्यातून बाहेरच्यांना एवढेच कळले असेल की या आईचे लेकरावर अतोनात प्रेम होते. त्यात लाजण्याजोगे काही नाही.

स्तेफनाला दगडमार झाला तेव्हा पुनरुत्थान ही ऐकीव गोष्ट नव्हती. उठलेल्या प्रभूला डोळ्यांनी पाहिलेली माणसे यरुशलेमेत हिंडत होती. तरीही भक्तिमान माणसांनी त्याला पुरले आणि त्याच्यासाठी मोठा विलाप केला, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेले वचन अशा वेळी हटकून ऐकवले जाते. पण आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढेच त्याचे म्हणणे आहे. शोकच करू नका असे तो म्हणत नाही. याच पौलाने, त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला तेव्हा, फिलिप्पैकरांना मोकळेपणाने कळवले की देवाने माझ्यावर दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. त्या बाईंचा हेतू वाईट नसेल. पण शोकात बसलेल्या आईच्या तोंडाला हात लावण्याचा अधिकार शास्त्राने कोणालाही दिलेला नाही, हे मी या स्तंभातून सगळ्या मंडळींना कळकळीने सांगतो.

आता प्रार्थनेचे. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश विलापाची आहेत. त्यांत देवाला जाब विचारणे आहे, तू का लपलास असे विचारणे आहे. ८८वे स्तोत्र उघडून पाहा. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटाकडे स्तुतीला वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपते. तरीही ते शास्त्रातून कोणी वगळले नाही. तुमचा राग तुम्ही देवापुढे बोलून दाखवा. ईयोबाने तेच केले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावला तो त्याच्या मित्रांवर, जे देवाची बाजू घेऊन ईयोबाला उपदेश करत होते.

शब्द सुचत नसतील तर नुसत्या बसा. आपण काय मागावे हे कळत नसते तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी कण्हतो, असे रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात आहे. उपासनेत गीत निघत नसेल तर शेजारची भगिनी गाते आहे ना, तिला गाऊ द्या. कफर्णहूमात चौघांनी पक्षाघाती माणसाला बाजेवर उचलून छपरातून खाली सोडले, तेव्हा येशूने त्यांचा विश्वास पाहिला असे मार्क लिहितो. त्या चौघांचा विश्वास त्याच्या कामी आला. सध्या बाजेवर असण्याची पाळी तुमची आहे. मंडळी असते ती यासाठीच. उचलणारे चौघे आसपास दिसत नसतील तर तो मंडळीचा दोष आहे. तुमच्या पाळकांना हे पत्र जरूर दाखवा.

आणखी एक. एलीया रानात झुडपाखाली मरण मागत बसला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून जेवू घातले. तुमची झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, जगू नये असे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. शासनाची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. तिथे मराठीत बोलता येते. औषध घेणे म्हणजे अविश्वास, असे कोणी म्हटले तर त्यांना एलीयाची भाकर दाखवा.

शंका : आईला कर्करोग झाला तेव्हा मी वांद्र्याच्या मोत माउलीला नवस केला होता : आई बरी झाली तर सात वर्षे जत्रेला अनवाणी टेकडी चढेन. आई गेली. मावशी म्हणते, प्रार्थनेत तूच कमी पडलास. नवस फेडावा का?
– एक वाचक, वसई

समाधान : नवस तुमच्यावर बंधनकारक उरलेला नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मविधिसंहितेत (कलम ११९४) स्पष्ट आहे की नवस ज्या अटीवर अवलंबून होता ती अट पूर्ण झाली नाही तर नवस संपतो. सप्टेंबरात टेकडी चढावीशी वाटली तर आईच्या आठवणीसाठी खुशाल चढा, भीतीपोटी चढू नका. २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी तिच्या कबरीवर मेणबत्ती लावाल, मिस्सा द्याल, तेही तेवढेच मोलाचे.

मावशींच्या बोलण्याने मात्र मला वाईट वाटले. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने तीनदा तीच प्रार्थना केली, आणि प्याला टळला नाही. तो प्रार्थनेत कमी पडला, असे मावशी म्हणतील का? पंडिता रमाबाईंचे पाहा. दुष्काळाने आईवडील आणि बहीण नेली, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. त्यानंतर त्या ख्रिस्ती झाल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या जागृतीत शेकडो स्त्रिया प्रार्थनेला जमत, तशी प्रार्थना महाराष्ट्राने क्वचितच पाहिली असेल. तरीही १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्या हाती हे सगळे काम जायचे होते. वर्ष पुरे व्हायच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. प्रार्थनेच्या वजनावर आयुष्य मोजून मिळत असते तर मनोरमा वाचली असती. प्रार्थना ही किंमत नाही. तुम्ही आईच्या उशाशी बसून जी केलीत, त्या प्रार्थनेत तुम्ही तिच्याजवळ होतात आणि देव तुम्हा दोघांजवळ होता. माझा यावर ठाम विश्वास आहे.

शंका : आम्ही हिंदू. शेजारच्या ख्रिस्ती घरातला कर्ता माणूस गेला. वहिनींना भेटायला जावे असे वाटते, पण त्यांच्या रीती ठाऊक नाहीत. काय बोलावे?
– एक वाचक, पुणे

समाधान : जरूर जा. सांत्वन प्रार्थना चालू असेल तर मागे शांत बसा. तुम्ही गीत म्हणावे अशी कोणाची अपेक्षा नसते. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, आणि तेवढेच त्यांचे चांगले काम ठरले. बिघडले ते तोंड उघडल्यावर. "देवाची इच्छा" वगैरे म्हणू नका. जाताना डबा न्या. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असते, म्हणून दुसऱ्या महिन्यात पुन्हा जा, आणि गेलेल्या माणसाचे नाव घेऊन त्याची एखादी आठवण सांगा. वहिनी रडतील. रडू द्या, आणि चहा तुम्हीच ठेवा.