दप्तरी दाखल

‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.’ हे वाक्य गेल्या वर्षी मी दोन वेगळ्या कामांत लिहिलं. एकदा इंग्रजीतून मराठीत आणताना, एकदा मराठीतून हिंदीत नेताना. दोन्ही इतिवृत्तं दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. एक अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या ला ग्रँड या गावच्या कू क्लक्स क्लानच्या शाखेचं. दुसरं आमच्या जबलपुरातल्या एका जुन्या मराठी संस्थेचं. तिचे माझे आजोबा काही वर्षं चिटणीस होते. ही दोन कामं एकाच हंगामात माझ्याकडे आली नसती तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं असतं.

आधी ला ग्रँडविषयी. पूर्व ओरेगॉनमधलं हे रेल्वेचं आणि लाकूडधंद्याचं गाव. 1922 ते 1924 या काळात तिथल्या क्लानचे तीनशेहून अधिक सभासद होते. क्लान ही गुप्त संघटना असल्यामुळे तिची बहुतेक दप्तरं नष्ट केली गेली. ला ग्रँडची इतिवृत्तं मात्र वाचली. डेव्हिड हॉरोविट्झ या इतिहासकाराने ती संपादून 1999 साली प्रसिद्ध केली. एखाद्या शाखेचा इतका भरीव इतिवृत्तसंग्रह दुसरा उपलब्ध नाही, असं मानलं जातं. अभिलेखागारांवरच्या एका संकलनासाठी त्यातली काही पानं मराठीत आणायची होती. ती मी घेतली.

पहिली अडचण पदनामांची. 1915 साली नव्याने उभ्या राहिलेल्या या क्लानला ‘क’ अक्षराचं वेड होतं. शाखा म्हणजे ‘क्लाव्हर्न’, चिटणीस म्हणजे ‘क्लिग्रॅप’, दहा डॉलरची प्रवेश फी म्हणजे ‘क्लेक्टोकन’. शाखाध्यक्ष ‘एक्झाल्टेड सायक्लॉप्स’. याचं ‘परमपूज्य एकाक्ष’ असं भाषांतर करून पाहिलं आणि एकटीच हसले. मग खोडलं. हसू आलं की ती माणसं आपल्यापासून दूर जातात. नाटकातल्या राक्षसाला कोणी घाबरत नाही आणि त्याच्यात स्वतःला ओळखतही नाही.

दुसरी अडचण अशी की बाकी काहीच अडचण नव्हती. ठराव, नव्या सभासदांच्या अर्जांची छाननी, पदाधिकाऱ्यांच्या निवडी, आजाऱ्यांची विचारपूस, गरजूंना मदत. संघटनेचे नीतिनियम सभासदच पाळत नाहीत याची वारंवार चिंता. आणि याच सगळ्याच्या ओघात कॅथलिक, ज्यू, कृष्णवर्णीय आणि परदेशी मुळाच्या माणसांविषयीचा द्वेष. गावातल्या कॅथलिक दुकानदाराकडून माल घ्यायचा की नाही याची चर्चा. या सगळ्यासाठी मराठीत भाषा तयार होती. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते संमत, आभार मानून सभा बरखास्त. इंग्रजी वाक्यात जिथे ठळक कर्ता होता तिथेही माझा हात ‘करण्यात आले’कडे वळत होता. माझ्या कानाला इतिवृत्ताची मराठी तशीच माहीत आहे. त्या मराठीत सगळं होतं, पण करणारं कोणी नसतं.

ही माणसं नुसती बोलत नव्हती. नोव्हेंबर 1922 मध्ये ओरेगॉनच्या मतदारांनी मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती करणारा कायदा मंजूर केला. कॅथलिक शाळा बंद पडाव्यात हा त्याचा हेतू होता आणि क्लानने तो उचलून धरला होता. त्याच निवडणुकीत वॉल्टर पिअर्स क्लानच्या पाठिंब्याने गव्हर्नर झाले. 1925 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. कृष्णवर्णीयांना राज्यात राहायला मनाई करणारं कलम ओरेगॉनच्या संविधानात 1857 पासून होतं. ते निघालं 1926 मध्ये. म्हणजे इतिवृत्तातल्या त्या संथ वाक्यांमागे मतपेटी होती आणि कायदाही होता.

अशा वेळी कोणालाही हॅना आरेंट आठवेल. मलाही आठवली. पण आइकमनची सबब हुकमाची होती. वरून आलं ते केलं, असं त्याने न्यायालयात सांगितलं. ला ग्रँडच्या सभासदांना कोणी हुकूम केला नव्हता. ते दिवसभराचं काम संपवून, दहा डॉलर भरून, आपल्या इच्छेने सभेला येत. तिथे त्यांना सोबत मिळे, अडचणीला माणसं मिळत. म्हणून ‘ती माणसं वाईट होती, पण एकमेकांशी चांगली वागत’ हे वाक्य मला पटत नाही. त्यातला ‘पण’ चुकीचा आहे. एकमेकांशी चांगलं वागणं ही त्यांच्या द्वेषाची भरपाई नव्हती. कुंपणाच्या आत ऊब होती म्हणूनच कुंपण टिकत होतं. आजाऱ्याच्या घरी जाणारा सभासद मनात कडवा नसेलही. पण कुंपण राखायला त्याच्या कडवेपणाची गरज नव्हती, त्याची हजेरी पुरेशी होती.

इथपर्यंत मी निवांत होते. ओरेगॉन दूर आहे. मग त्याच ओरेगॉनच्या एका खटल्याची कागदपत्रं समोर आली.

भगतसिंग थिंड हा पंजाबातून गेलेला तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. 1920 साली ओरेगॉनमधल्या न्यायालयाने त्याला नागरिकत्व दिलं. सरकारने त्याला आव्हान दिलं, कारण नागरिकत्वाचा कायदा तेव्हा ‘गोऱ्या व्यक्तीं’साठी आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी होता. थिंडच्या वकिलांत एक नाव वाचताच माझी नजर थांबली: सखाराम गणेश पंडित. थिंडच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की अर्जदार उच्चवर्णीय आणि आर्य वंशाचा आहे. लग्नसंबंधाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू इथल्या मूळनिवासींकडे त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो. म्हणजे आम्ही तुमच्यातले आहोत याचा पुरावा म्हणून आमची जात न्यायालयात ठेवली गेली. 19 फेब्रुवारी 1923 रोजी न्यायमूर्ती सदरलँड यांनी तो अमान्य केला. तीनच महिने आधी, ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराच्या खटल्यात, याच न्यायमूर्तींनी गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा असं सांगितलं होतं. आता शास्त्र बाजूला ठेवून सामान्य माणसाची समजूत प्रमाण धरली गेली. सामान्य माणसाला हिंदू गोरा वाटत नाही, प्रश्न मिटला. त्यानंतर अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेण्याची कारवाई सुरू झाली. पंडितांवरही ती झाली. ते मात्र स्वतःचा खटला लढले आणि 1927 पर्यंत जिंकले.

थिंडवर अन्याय झाला यात शंका नाही. पंडित अशिलाचं हित पाहत होते आणि कायद्याने ठेवलेलं एकच दार ठोठावत होते, हेही खरं. तरीही तो युक्तिवाद वाचताना जोतीराव आठवल्याशिवाय राहत नाहीत. ‘गुलामगिरी’ 1873 साली निघाली आणि ती त्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. बरोबर पन्नास वर्षांनी त्याच देशात तीच तुलना उलट्या बाजूने मांडली गेली. जोतीरावांनी शूद्रातिशूद्रांच्या जागेवरून अमेरिकेकडे पाहिलं. 1946 साली डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं, तेही त्याच जागेवरून. थिंडच्या कैफियतीत साम्य तेवढंच मान्य होतं. फक्त बोलणारा वरच्या पायरीवर उभा होता. साम्य नाकारणारं या तिघांत कोणीच नाही. जागा कुठली, एवढाच फरक आहे.

आता जबलपूर. इथे भोसल्यांच्या काळापासून मराठी घरं आहेत. पुढे रेल्वे आली, 1904 मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली, कचेऱ्या आणि शाळा वाढल्या, तशी आणखी आली. हिंदी मुलखात मराठी टिकावी म्हणून वाचनालयं, गणेशोत्सव, नाटकं. माझं मराठीही तसंच टिकलं, आजोबांनी घरी आणलेल्या मासिकांवर. त्या संस्थेची स्मरणिका निघायची आहे. नव्या पिढीला मराठी वाचता येत नाही, म्हणून जुन्या इतिवृत्तांतले निवडक उतारे हिंदीत द्यायचे ठरलं. वही माझ्याकडे आली. अक्षर आजोबांचं, मी लहानपणी गिरवलेलं.

1931 सालचं एक पान. एका सभासदाच्या निधनाबद्दल दुखवटा. दुसऱ्याच्या आजारपणासाठी दहा रुपयांची मदत मंजूर. दिव्याच्या तेलाचा खर्च. आणि विषय क्रमांक चार: कारखान्यात काम करणाऱ्या एका महार गृहस्थांनी आपल्या मुलाला वाचनालयात बसून वाचायला परवानगी मिळावी असा अर्ज केला होता. त्यावर चर्चेची नोंद नाही, नकाराचा शब्द नाही. सदर अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला.

मी ते पान बराच वेळ उघडंच ठेवलं. महाडचा सत्याग्रह होऊन चार वर्षं झाली होती. काळाराम मंदिराचा चालू होता. आजोबा ‘केसरी’ वाचत, त्यांना हे माहीत असणार. ते कोणाला वाकडं बोललेले मला आठवत नाहीत. माझ्या आठवणीतले आजोबा शेजारच्या आजारी माणसाच्या उशाशी रात्रभर बसणारे आहेत. ला ग्रँडबद्दल मी जे वर इतक्या ठामपणे लिहिलं, ते इथे लिहायला हात जड होतो. तो जड होतो एवढ्यावरून विधान खोटं ठरत नाही.

दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही. ते सोपं आहे आणि खोटंही. क्लानच्या हातात सत्ता होती आणि मागे खुनांचा इतिहास होता. आमच्या वाचनालयाकडे दोन कपाटं होती आणि वर गोऱ्यांचं राज्य. या शहरातल्या साहेबांच्या क्लबात आजोबांनाही कोणी बसू दिलं नसतं. पण स्वतः दाराबाहेर असण्याने आपलं दार उघडं होत नाही, हे थिंडच्या कैफियतीनेच दाखवलं आहे. आणि त्या मुलाच्या बाजूने पाहिलं तर आमच्याकडे किती कपाटं होती याने त्याला काय फरक पडणार? त्याला वाचायचं होतं. त्याच्याच भाषेत, त्याच्याच गावात.

स्मरणिका समितीतले काका घरी आले होते. चहा घेताना म्हणाले, “तेवढं चार नंबरचं वगळलंस तरी चालेल. शेवटी उत्सवाचं पुस्तक आहे गं. आणि तुझ्या आजोबांचं अक्षर आहे ते.” काका भला माणूस आहे; माझ्या आईच्या दुखण्यात रोज डबा आणत होता. मी म्हटलं, “काका, बघते.” मग रात्री बसून ते पान पूर्ण केलं.

भाषांतराला काहीच त्रास पडला नाही. हिंदीतही तोच शब्दप्रयोग आहे, दाखिल-दफ़्तर. मोह झाला तो कर्ता घालण्याचा, ‘समितीने अर्ज फेटाळला’ असं स्वच्छ लिहिण्याचा. पण तो अधिकार भाषांतरकाराचा नाही. मूळ वाक्य चुकवतं तर भाषांतरानेही चुकवलं पाहिजे, नाहीतर वाचकाला ते चुकवणंच दिसणार नाही. म्हणून वाक्य जसंच्या तसं ठेवलं आणि खाली टीप दिली. त्या सभेला हजर असलेल्यांची नावं त्याच पानाच्या वर आहेत, ती उतरवली. शेवटचं नाव चिटणिसांचं.

अर्जदाराचं नावही द्यावं म्हणून संस्थेचं कपाट धुंडाळलं. दप्तरी दाखल केलेला तो अर्ज दप्तरात नाही. टिपेच्या शेवटी तेवढंच लिहिलं आहे: अर्जदार का नाम दर्ज नहीं है.