परोपजीवी कोणाला म्हणावे?



आमच्या वयाची चार माणसे चहाला जमली की एक वाक्य हटकून ऐकू येते, “आता काय, मुलांच्या जिवावर जगायचे. बांडगुळे झालो आम्ही!” मी आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकविले, तेव्हा हा शब्द असा सैल वापरलेला मला खपत नाही. बांडगूळ, म्हणजेच परोपजीवी, नेमके कोण?

वाळवीचेच घ्या. ती लाकूड खाते हे आपण जाणतोच, पण तिच्या पुष्कळ जातींना ते स्वतःच्या बळावर पुरते पचत नाही. आतड्याच्या मागच्या भागात एक फुगीर पिशवी असते. तीत एकपेशीय सूक्ष्म जीव खच्चून भरलेले असतात. वरवर पाहता हे सारे फुकटे, आयते घर आणि आयते जेवण! परंतु १९२० नंतरच्या दशकात क्लीव्हलँड या अमेरिकन शास्त्रज्ञाने उष्णता देऊन वाळवीच्या पोटातले हे जीव मारले. वाळवी लाकूड खातच राहिली आणि काही आठवड्यांत भरल्या पोटी उपासमारीने मेली.

उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उष्ण प्रदेशातील एका वाळवीच्या पोटात तर याहून मौज आहे. १९३३ साली वर्णन झालेल्या तिथल्या एका जीवाच्या अंगभर केस दिसत. ते केस नसून त्याला चिकटलेले हजारो मळसूत्री जंतू आहेत, असे १९६४ साली सिद्ध झाले. वल्हवावे तसे ते त्याला पुढे नेतात. उपदंशाचा जंतू याच जातकुळीतला! एके ठिकाणी रोग, दुसरीकडे नावाडी.

(आपल्या कोकणातली वारुळे बांधणारी वाळवी निराळी. तिच्या पोटात असले एकपेशीय साथीदार नाहीत, ती वारुळात बुरशीची बाग लावते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी ज्यांनी खाल्ली, त्यांनी त्या बागेचे पीक चाखले आहे.)

वाळवीच्या शिपायाचे जबडे लढाईसाठी इतके वाढलेले असतात की त्याला स्वतः खाता येत नाही, कामकरी त्याला भरवितात. आणि लाकूड पचविणारे जीव बाळगणारी वाळवी कात टाकते तेव्हा आतड्याचे अस्तरही जाते, त्याबरोबर ते जीवही जातात. मग तिला भाईबंदांच्या मागच्या बाजूने पाझरणारा रस चाटून ते पुन्हा मिळवावे लागतात. कोणी कोणाच्या जिवावर जगायचे, याचा पत्ताच लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, “झाले तर! आजोबाही नातवंडांना शाळेत पोहोचवितात, भाजी आणतात. मग ते बांडगूळ कसे?” हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण मला तो धोक्याचा वाटतो. उद्या गुडघे गेले आणि भाजी आणवेना, म्हणजे? ज्याला स्वतःच्या मुलांची नावेही आठवत नाहीत, त्याने कोणता उपयोग दाखवावा?

वाळवीकडे याचे उत्तर आहे. जखमी सोबत्याला ती खाऊन टाकते. लाकडात नत्र फार थोडे असते, ते वाया दवडून चालत नाही. हिशेब चोख आहे, म्हणून इथून पुढे वाळवीला गुरू करता येत नाही. परोपजीवी हा शब्द जमाखर्चाचा आहे. तो जीवशास्त्राच्या पुस्तकात शोभतो. माणसाचे जगणे उपयोगाच्या दाखल्यावर टांगले की दाखला मागणारे वाढतच जातात.

आमच्या शेजारी एक आजी कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून आहेत. सून रोज सकाळी त्यांचे केस विंचरते. परवा कोणी तिला धीर द्यावा म्हणून म्हणाले, “म्हातारीचे आशीर्वाद तरी मिळतात हो.” सून म्हणाली, “आशीर्वाद कसले, त्या मला ओळखतही नाहीत. पण केस गुंततात ना, विंचरायला नकोत?”